विमानतळ ते विमानतळ : अंतर, वेळ आणि मूल

मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. विमानतळ हवा होता की नको, या वादात पेडण्याची दोन दशके गेली. तो वाद या लेखाचा विषय नाही. परंतु बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम लगेच जाणवू लागला. ज्या घरांत विमानप्रवास हा कित्येक वर्षांतून एकदा, ठरवून करावयाचा प्रसंग होता, त्या घरांतील माणसे आता तान्ह्या मुलांसह कदंबच्या बसने म्हापशाला जावे तितक्या सहजतेने मुंबईला निघतात. तपासणीच्या खोलीत एक वाक्य वारंवार कानी पडते : “डॉक्टर, मुंबई ती काय, पाऊण तासावर तर आहे!” हा पाऊण तास कोठून कोठपर्यंतचा, आणि मुलाच्या शरीराच्या हिशेबात तो किती भरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम अंतर. दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाची लांबी. ते काढण्यासाठी संगणक लागत नाही; शाळेतील भूगोल आणि पायथागोरसचा सिद्धांत एवढ्यावर आपल्या कामापुरते उत्तर मिळते. विमाने आणि जहाजे ज्या सागरी मैलात अंतर मोजतात, तो मैल म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाची लांबी, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. मोपा विमानतळ साधारण १५ अंश ४५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९ अंश ५ मिनिटांवर. फरक ३ अंश २० मिनिटांचा, म्हणजे २०० मिनिटे, म्हणजे २०० सागरी मैल; किलोमीटरमध्ये सुमारे ३७०. रेखांशात मुंबई मोपाच्या पश्चिमेला एक अंश आहे आणि आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०६ किलोमीटर भरतो. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण येतो ३८५ किलोमीटर. हेच मोपा ते मुंबई हवाई अंतर.

दाबोळीहून हेच अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास होते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने मोपा मुंबईला अवघे चाळीस किलोमीटर जवळ आले आणि मिनिटाला बारा-तेरा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या यंत्राला चाळीस किलोमीटर म्हणजे तीन मिनिटे. आपल्याला मात्र तेच अंतर कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, मांडवी आणि जुवारी ओलांडून साठ-पासष्ट किलोमीटरच्या रस्त्याने कापावे लागे आणि त्यात दीड-दोन तास सहज जात. जुवारीच्या जुन्या पुलावर वाहने अडकली की तेही सांगता येत नसे. पेडणेकरांचा जो वेळ वाचला तो आकाशात नव्हे, रस्त्यावर वाचला. काणकोणच्या माणसाला विचाराल तर तो नेमके उलटे सांगेल.

दाबोळीचा जन्म १९५५ सालचा, पोर्तुगीज अमदानीतला. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर बाहेरच्या जगाशी संबंध ठेवण्यासाठी तो बांधला गेला आणि त्या सरकारच्या हवाई कंपनीची विमाने तेथून कराचीला जात. मुंबई उशाशी असूनही तिकडे नाही. अंतर भूगोल ठरवतो, पण प्रवास ठरवणारी सत्ता वेगळी असते, याचे हे घरचे उदाहरण म्हणावे लागेल. मुक्तीनंतर दाबोळी नौदलाकडे गेला आणि नागरी वाहतूक तेथे नौदलाच्या सोयीने चालत आली. शेजारी सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. मोपापासून तो सरळ रेषेत जेमतेम ४५ किलोमीटरवर. तेव्हा ‘गोव्याचे विमान’ या शब्दांवर विसंबू नये. तिकिटावर दाबोळीसाठी ‘जीओआय’ आणि मोपासाठी ‘जीओएक्स’ अशी खूण असते, ती पाहावी. आजारी मूल कडेवर घेऊन चुकीच्या विमानतळावर उभे राहण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

आता वेळ. ३८५ किलोमीटर अंतर ताशी ८०० किलोमीटर वेगाने कापावयाचे तर अर्धा तासही लागू नये. तिकिटावर मात्र सव्वा तास, कधी थोडा अधिक लिहिलेला असतो. तिकिटावरील वेळ ही विमान जागचे हलल्यापासून मुंबईला जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, रांगेत उभे राहणे, मुंबईच्या आकाशात गर्दी असल्यास घिरट्या घालणे आणि उतरल्यावर पुन्हा रांगत जाणे, हे सारे तीत धरलेले असते. प्रत्यक्ष हवेतील काळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचा. आमच्या पालकांचा पाऊण तास तो हाच. दिल्ली मोपाहून सुमारे १,४५० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ चौपट. पण तिकिटावरील वेळ अडीच तासांच्या आसपास, म्हणजे दुपटीने. अंतर वाढले की वेळ त्या प्रमाणात वाढत नाही, कारण चढणे आणि उतरणे यांना लागणारा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. वाढते ती मधली सपाट वाट.

ही गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या फार महत्त्वाची आहे. मुंबईच्या पन्नास मिनिटांत पंधरा-वीस मिनिटे चढण्यात जातात, वीस-पंचवीस उतरण्यात. सरळ उड्डाण जेमतेम दहा मिनिटांचे. म्हणजे आपण ज्याला छोटा प्रवास म्हणतो तो मुलाच्या कानांच्या दृष्टीने मुळीच छोटा नाही. लंडनला जाणाऱ्या मुलाच्या कानांना जेवढे सोसावे लागते, त्याच्या जवळपास तेवढेच मुंबईला जाणाऱ्या मुलाला सोसावे लागते. फक्त दोन त्रासांमधील विश्रांती कमी होते.

विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर असते तेव्हा आतील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवलेला नसतो. तो अशा बेताने राखतात की प्रवाशाला आपण जास्तीत जास्त आठ हजार फूट, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवर असल्यासारखे वाटावे. उटी २,२४० मीटरवर आहे. लांबच्या उड्डाणात प्रवासी उटीहून थोड्या उंच जागी बसलेला असतो म्हणावयास हरकत नाही. मुंबईसारख्या जवळच्या उड्डाणात ही आतील उंची सहसा पाच-सहा हजार फूट असते. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढताना आपले कान दडे बसल्यासारखे होतात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. विमानातील मूल वीस मिनिटांत दोन ते अडीच आंबोल्या उतरते.

चढताना बाहेरचा दाब कमी होतो, मध्यकर्णातील हवा प्रसरण पावते आणि युस्टेशियन नलिकेतून घशात सहज निसटते. म्हणून चढताना मुले क्वचितच रडतात. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, हवा आत जावयास हवी, पण नलिकेची मऊ तोंडे दाबामुळे उलट अधिकच मिटतात. ती उघडतात गिळण्याने, जांभईने आणि रडण्यानेही. लहान मुलांमध्ये ही नलिका आखूड, अरुंद आणि बरीचशी आडवी असते. सर्दीने तिचे अस्तर सुजले असेल तर ती जवळपास बंदच होते. कानाचा पडदा आत ओढला जातो आणि मूल किंचाळू लागते. शेजारच्या प्रवाशांना ते हट्टी वाटते, आईला आपले काही चुकले असे वाटते. वस्तुतः ते मूल रडून स्वतःचा कान उघडण्याचा प्रयत्न करीत असते.

येथे अंतराचा हिशेब प्रत्यक्ष उपयोगी पडतो. बहुतेक माता विमान सुटण्यापूर्वीच बाळाला पाजतात, बाळ शांत होते आणि झोपी जाते. मुंबईच्या प्रवासात हेच अंगाशी येते. कारण उतरण्यास सुरुवात होते ती विमान उडाल्यावर पंचवीस-तीस मिनिटांनी, नेमक्या त्या वेळी बाळ पोटभर प्यालेले आणि गाढ झोपेत असते. झोपेत गिळणे कमी होते. यास्तव मी मातांना सांगतो, की निघताना बाळाला थोडे भुकेले ठेवा, विमान उडाल्यावर घड्याळ पाहा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पाजावयास घ्या. पट्टा बांधून, बाळाला अर्धवट उभे धरून पाजता येते. वरचे दूध घेणाऱ्या बाळाची बाटली किंवा वाटी-चमचा त्या वेळेसाठी राखून ठेवावा. मोठ्या मुलाला पाण्याचे घोट घेण्यास सांगावे; चघळावयाची गोळी द्यावयाची तर ते चार-पाच वर्षांपेक्षा मोठे असावे, नाहीतर कानापेक्षा घशाचीच चिंता निर्माण व्हावयाची. दिल्लीच्या प्रवासात हीच वेळ उड्डाणानंतर पावणेदोन-दोन तासांनी येते. वैमानिकाच्या सूचनेची वाट पाहू नये. त्यापूर्वीच आतील दाब वाढू लागलेला असतो.

सर्दी झालेल्या मुलाला पॅरासिटामॉल द्यावयाचे असेल तर त्याचा परिणाम दिसण्यास अर्धा ते एक तास लागतो, हे ध्यानात ठेवावे. मुंबईच्या विमानात मूल रडू लागल्यावर दिलेले औषध टॅक्सीत गुण देईल. ते विमानात चढतानाच, वजनाप्रमाणे द्यावयास हवे. नाक मोकळे करण्यासाठी लहान मुलांना मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेत. त्यासाठी तोंडाने देण्याच्या औषधांचा कान दुखण्यावर उपयोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही. कानाला तीव्र संसर्ग असल्यास आणि प्रवास टाळता येण्याजोगा असल्यास तो दोन आठवडे पुढे ढकलावा. ज्या मुलाच्या कानाच्या पडद्याला भोक आहे किंवा नळी बसवलेली आहे त्याच्या पालकांना फार धास्ती वाटते. प्रत्यक्षात दाब आपोआप समान होत असल्याने अशा मुलाला विमानात त्रास सहसा होतच नाही.

आणखी एक मागणी आग्रहाने केली जाते, ती झोपेच्या औषधाची. “एवढा तासभर झोपला म्हणजे झाले, डॉक्टर.” गुंगी आणणारी अॅलर्जीची औषधे यासाठी सर्रास मागितली जातात आणि औषधांच्या दुकानांतून मिळतातही. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊच नये, कारण त्याने श्वसन मंदावू शकते. प्राणवायू कमी असलेल्या हवेत श्वास मंद करणारे औषध देणे आणि तेही जेथे मदत मिळावयास धावपट्टी गाठावी लागते तेथे, हे कोणत्याही वयाच्या मुलाबाबत मला मान्य नाही. शिवाय गुंगीतले मूल गिळत नाही, म्हणजे कानाचा प्रश्न राहतोच.

प्राणवायूचा विचार केला म्हणजे मात्र अंतराला खरे महत्त्व येते. आठ हजार फुटांच्या दाबाची हवा म्हणजे समुद्रसपाटीवर २१ ऐवजी सुमारे १५ टक्के प्राणवायू असलेली हवा. निरोगी मुलाला ती चालते. रक्तातील प्राणवायूची संपृक्तता नव्वदीच्या थोडी वर राहते आणि त्याला काही कळतही नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एक ते सहा महिने वयाच्या ३४ बालकांना काही तास १५ टक्के प्राणवायूच्या हवेत ठेवून त्यांचे निरीक्षण केले होते. बहुतेकांना विशेष काही झाले नाही. परंतु चौघांची संपृक्तता ८० टक्के वा त्याखाली उतरून तशीच राहू लागल्याने प्रयोग त्यांच्यापुरता थांबवावा लागला. कोणाचे असे होईल हे आधी सांगता आले नाही. या अभ्यासाने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण लक्षावधी तान्ही मुले दरवर्षी सुखरूप प्रवास करतात. पण मुंबईची दहा-पंधरा मिनिटे आणि लंडनचे नऊ-दहा तास यांत येथे जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळालाही पहिला आठवडा उलटेपर्यंत विमानात नेऊ नये. कंपन्यांचे नियम याबाबत निरनिराळे आहेत, काही त्याहून आधीही नेतात. नेता येते म्हणजे न्यावे असे नाही. वेळेपूर्वी जन्मलेली, घरी प्राणवायू लागलेली, फुप्फुसाचा जुना विकार किंवा निळेपणा आणणारा हृदयविकार असलेली मुले यांच्याबाबत तज्ज्ञाचा सल्ला अटळ समजावा. तीव्र पांडुरोगाचेही तसेच.

वायू प्रसरण पावण्याचा नियम कानापुरता नाही. आठ हजार फुटांवर बंदिस्त हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून छातीत फुप्फुसाबाहेर हवा साचलेल्या रुग्णाने, ती पूर्णपणे गेल्याचे क्ष-किरण चित्रात दिसल्यावर निदान एक आठवडा थांबावे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस. हाड मोडून नुकतेच प्लास्टर घातले असेल तर पहिले दोन दिवस प्रवास टाळावा, टळत नसल्यास प्लास्टर उभे चिरून द्यावे. या बाबतीत मुंबई जवळ आहे ही सबब चालत नाही. हवा पहिल्या पंधरा मिनिटांतच फुगते.

आपल्या भागातील अनेक कुटुंबांतील कर्ता पुरुष आखातात असतो, म्हणून घड्याळाविषयीही लिहिणे भाग आहे. मस्कत मोपाहून सुमारे १,८५० किलोमीटर. समजा, विमान सकाळी दहाला सुटते आणि तिकिटावर पोहोचण्याची वेळ सव्वाअकरा लिहिली आहे. सव्वा तासाचा प्रवास, असे वाटते. प्रत्यक्षात तो पावणेतीन तासांचा असतो, कारण तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. अपस्मारासाठी सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता औषध घेणाऱ्या मुलाच्या आईने मला विचारले, तेथे गेल्यावर कोणते आठ धरावयाचे? उत्तर असे, की मुक्काम थोडा असेल तर आपलेच आठ, म्हणजे तेथील साडेसहा. दीर्घ असेल तर हळूहळू तेथील वेळेवर यावे. दीड तासाच्या फरकाने बिघडत नाही, डोस चुकल्याने बिघडते. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. तेथे इन्शुलिन घेणाऱ्या मुलाचे वेळापत्रक निघण्यापूर्वी कागदावर मांडूनच द्यावे लागते. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, म्हणून जाण्यास वेळ अधिक आणि येण्यास कमी लागतो, हेही त्यात धरावे. औषधे, पंप आणि इन्शुलिन नेहमी हातातील पिशवीत असावीत. सामानाच्या कप्प्यात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते, आणि सामान वेगळ्या गावी गेले तर त्यासोबत औषधही जाते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मुद्दामच शेवटी घेतला आहे. मूल गंभीर आजारी पडले की घरातील कोणी तरी म्हणतोच, “आता विमानतळ दारात आहे, सरळ मुंबईला नेऊ.” परळचे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून आहे, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून, त्यांच्याविषयी आपल्या लोकांना वाटणारा विश्वास सार्थच आहे. पण पाऊण तास हा दोन धावपट्ट्यांमधला आहे, घर आणि खाट यांच्यामधला नाही. हिशेब करून पाहू. पेडणे शहरातून मोपाला अर्धा तास. हरमल-केरीहून अधिक, डिचोलीहून तर बराच अधिक. सुटण्यापूर्वी दोन तास पोहोचावयाचे. तासभर आधी तर खिडकीच बंद होते. तिकिटावरील सव्वा तास. उतरून बाहेर पडण्यास अर्धा तास. तेथून परळ, मुंबईच्या रस्त्यांवर, एक तास. एकूण सव्वापाच तास, तेही विमान वेळेवर असेल, त्यात जागा असेल आणि कंपनीने आजारी मुलाला चढू दिले तर. रात्रीचे विमान नसेल तर सकाळपर्यंतचा काळ त्यात मिळवावा.

याउलट बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, १८४२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेतून वाढलेले आपले गोमेकॉ, पेडण्याहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, तासाभरावर आहे. वाटेत म्हापशाला उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आहे. १०८ ला दूरध्वनी केला तर रुग्णवाहिकेत प्राणवायू असतो आणि तो हाताळणारा माणूस असतो. धाप लागलेले, झटके येणारे, ग्लानी आलेले, अतिसाराने सुकलेले मूल सव्वापाच तास थांबू शकत नाही. या पाच तासांत श्वास, रक्तदाब आणि साखर सांभाळली गेली तर पुढे मुंबईला नेणेही सुरक्षित होते. न सांभाळता विमानात बसवले तर आधीच कमी पडणारा प्राणवायू तेथे आणखी कमी पडतो. खास रुग्णवाहक विमान मागवले तरी ते येण्यास, परवानग्या मिळण्यास वेळ लागतो, खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि तेवढ्या अवधीत मुलाला स्थिर करण्याचे काम येथेच करावे लागते.

ठरवून करावयाच्या उपचारांसाठी मात्र मोपाने मोठीच सोय केली आहे. कर्करोगाच्या पाठपुराव्याला किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेला मूल घेऊन जाणाऱ्या आई-बापांना पूर्वी कोकण रेल्वेत रात्र काढावी लागे. त्याहीपूर्वी बोटीत जवळजवळ एक अहोरात्र. आज ते सकाळी निघून दुपारी डॉक्टरांसमोर बसू शकतात. अशा रुग्णांसाठी व्यवसायबंधू-भगिनींना एवढेच सांगावेसे वाटते, की ‘प्रवासास योग्य’ या दोन शब्दांचा दाखला पुरेसा नाही. हवाई कंपनीचा स्वतंत्र वैद्यकीय अर्ज असतो. तो काही दिवस आधी भरून द्यावा लागतो. स्वतःचे प्राणवायूचे नळकांडे आत नेऊ देत नाहीत, तो कंपनीकडे आधी मागावा लागतो. स्ट्रेचर सर्व विमानांत मिळत नाही. कांजिण्या झालेल्या मुलाला सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत दाखला देऊ नये. पालकांच्या हाती द्यावयाच्या पत्रात निदान, वजन, खोलीतील हवेत मोजलेली प्राणवायूची संपृक्तता, रक्तातील हिमोग्लोबिन, चालू औषधे आणि शेवटचा डोस कोणत्या वेळी दिला, एवढे सुवाच्य अक्षरांत असावे, आणि त्याची एक प्रत सामानात न ठेवता आईच्या पर्समध्ये ठेवण्यास सांगावे.